कमी पैशांत चांगलं खायचं तर पैसे नेमके कुठे घालायचे?

चाकवत

नमस्कार मंडळी. घरात आम्ही चौघं: मी, नवरा, दहावीतली लेक आणि सासूबाई. नवऱ्याने नोकरी बदलली, हातात येणारा पगार कमी झाला, घराचा हप्ता मात्र तेवढाच राहिला. त्यामुळे वाणसामान, भाजी, फळं, दूध, अंडी सगळं मिळून महिन्याला १२ हजारांत बसवायचं ठरवलंय. राहतो पुण्यात, सिंहगड रस्त्याला.

‘स्वस्तात स्वयंपाक’ म्हणून शोधलं की बटाटा, मैदा, नूडल्स आणि साबुदाणा यांचेच प्रकार समोर येतात. पोट भरेल त्याने, पण सासूबाईंना मधुमेह आहे आणि लेक वाढीच्या वयाची. हलका माल आणायचा नाही, हे माझं ठाम आहे. किडीची जाळी धरलेली डाळ, वास येणारा तांदूळ आणून पैसे वाचवायचे नाहीत.

बिस्किटं, फरसाण, पाकिटातला ज्यूस, न्याहारीची तयार सिरियल्स आणि तयार मसाले आधीच बंद केलेत. बिल बऱ्यापैकी खाली आलं. आता उरलं ते खरं खाणं. तिथे कुठे हात आखडता घ्यावा आणि कुठे अजिबात घेऊ नये, हे तुमच्याकडून हवंय. विशेषतः तीन गोष्टी: घाण्याचं तेल परवडवायचं कसं, प्रथिनं कशातून द्यायची, आणि पावसाळ्यात भाज्या कडाडल्या की काय करायचं?

हिशेबनीस

प्रथिनांचा हिशेब मी मांडून ठेवलाय. भाव आमच्या भागातले, ढोबळ आहेत. १० ग्रॅम प्रथिनांसाठी किती पैसे मोजावे लागतात ते बघा.

सोया वड्या (१५० रु. किलो): ३ रुपये
मसूर (९० रु.): पावणेचार रुपये
शेंगदाणे (१४० रु.): साडेपाच रुपये
तूरडाळ (१२५ रु.): साडेपाच-पावणेसहा रुपये
अंडी (७ रुपयांना एक): साडेअकरा-बारा रुपये
पनीर (४०० रु.): २२ रुपये

पनीर मी सणासुदीला ठेवलंय. अंडं महाग दिसलं तरी सोडू नका. बी-१२ डाळीत नसतं, अंड्यात असतं, आणि मुलीला दोन मिनिटांत उकडून देता येतं. डाळीत मात्र रोज तूरच हवी हा हट्ट सोडला तर बराच फरक पडतो. आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस मसूर किंवा मूग असते. आमटी तीच, गोडा मसाला तोच, कुणी तक्रार केलेली नाही.

अख्खा मसूर आणि मसूरडाळ यांत अख्खा घ्या. साल असते, तंतू जास्त मिळतो आणि पॉलिशचा प्रश्नच येत नाही.

गिरणीवाला

आमची तीन पिढ्यांची पिठाची गिरणी आहे, म्हणून धान्याबद्दल थोडं सांगतो.

गहू. सिहोरी शरबती आणि साधा लोकवन यांच्या भावात चांगलाच फरक असतो. शरबतीची पोळी मऊ राहते, डब्यात वातड होत नाही, हे खरं. पण अंगी लागण्यात म्हणण्यासारखा फरक नाही. पोळी घरीच गरम खाणार असाल तर लोकवन घ्या आणि वरचे पैसे डाळीत घाला. नवा गहू मार्च-एप्रिलपासून बाजारात यायला लागतो. वर्षाचा भरायचा तर तेव्हाच भरा. दिवाळीच्या आसपास तोच गहू चढ्या भावाने घेण्यात काय अर्थ?

‘मल्टीग्रेन’ आट्याचं पाकीट घेताना मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. पहिलं नाव गव्हाचं असतं, बाकीची पाच-सहा धान्यं मिळून मूठभर. त्यापेक्षा पाच किलो गव्हात अर्धा किलो हरभरे टाकून दळून न्या. सोयाबीन घालायचं तर पाच किलोला पाव किलो बास, आणि तेही भाजून. कच्चं सोयाबीन दळायला आणू नका, पोटाला त्रास देतं.

ज्वारी. मालदांडीच घ्या, म्हणजे रब्बीची, शाळू. पावसात भिजलेली खरिपाची ज्वारी काळपट पडते, भाकरीला चव नसते. दाणा टपोरा, चकचकीत हवा आणि दाताखाली कटकन फुटला पाहिजे. पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. जुन्या पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना चिरते आणि बायका ज्वारीला नावं ठेवतात. दोष दळणाचा असतो.

सोलापुरी_कडक

बायकाच का, आमच्यात मी थापतो भाकरी. बाकी गिरणीवाल्यांना शंभर टक्के अनुमोदन. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे या निमित्ताने मिरवून घेतो.

ताई, हिशेबनीसांच्या यादीत हुलगे दिसले नाहीत. कोकणात कुळीथ म्हणतात. प्रथिनं तुरीएवढीच, आणि शेंगोळे केले की भाजी-आमटी काही लागत नाही. लसूण, तिखट घालून कढत कढत खायचे. पालेभाजीचा घोळाणा करा: कोवळी मेथी किंवा कांद्याची पात बारीक चिरायची, दाण्याचं कूट, मीठ, लाल तिखट आणि वरून कच्चं तेल. गॅससुद्धा पेटवायचा नाही.

तेलाचं म्हणाल तर आमच्याकडे करडई. फार वास नाही, भाजीला चालतं.

पुरणपोळी_फॅन

वाखु (वाचनखूण) साठवली.

मुक्काम_डोंबिवली

सगळं छान आहे, पण एक विचारते. रागावू नका.

हे करणार कोण? हुलगे भिजवा, मोड आणा, गहू पाखडा, दळण टाका, आणा, घोळाण्याला मेथी निवडा, शेंगोळे वळा. मी सकाळी ६.४२ ची लोकल पकडते आणि रात्री आठला घरात पाय टाकते. पाकिटातला आटा मी आळसाने आणत नाही. हिशेबनीस, तुमच्या तक्त्यात मसूर पावणेचार रुपयांना पडतो, त्यात माझा अर्धा तास कुठे धरलाय? स्वस्त आणि सकस खाण्याचे बहुतेक सगळे सल्ले घरात एक फुकटची बाई दिवसभर उभी आहे असं धरूनच दिलेले असतात. आजीच्या काळात स्वस्तात चांगलं खाल्लं जायचं ते यामुळेच. आजीला विचारलं होतं का कुणी?

हिशेबनीस

रास्त मुद्दा. तक्त्यात रकाना नाही, हे मान्य. पण वेळ धरूनही गणित पाकिटाच्या बाजूने जातंच असं नाही. मसूर भिजवावा लागत नाही, कुकरमध्ये शिजतो. खिचडीत आख्खा मसूर घातला तर एकाच भांड्यात जेवण होतं.

चाकवत

@मुक्काम_डोंबिवली, अगदी माझ्या मनातलं बोललात. आमच्याकडे वाटणी ठरलीय. मंडई नवऱ्याकडे, दळणही त्याच्याकडे. सासूबाई बसून लसूण सोलतात, भाजी निवडतात, आणि ते त्यांना आवडतं. लेक रविवारी शेंगदाणे भाजून कूट करून ठेवते. माझ्याकडे स्वयंपाक. चार माणसांनी खायचं तर चौघांनी हात लावायचा, हा आमच्या बजेटचाच भाग आहे. पण घरात एकटीच करणारी असेल तर तिला हा सल्ला देण्यात अर्थ नाही, हे पटतं.

दोन_घास

मी एकटी राहते, नोकरी करते, तरी बाहेरचं फार खात नाही. वेळ नसणाऱ्यांसाठी माझ्या सवयी सांगते.

कडधान्य एका वेळी एकच भिजवत नाही. शुक्रवारी रात्री मटकी आणि चवळी, दोन्ही. शनिवारी कुकरमध्ये वेगवेगळ्या डब्यांत एकदमच शिजवते आणि डब्या भरून फ्रीझरमध्ये ठेवते. आठवड्यात फोडणी दिली की उसळ तयार. भिजलेलं कडधान्य लवकर शिजतं, गॅसही वाचतो.

भाजी आणताना पिशवीत हात घालायच्या आधी स्वतःला विचारायचं, ‘हे निवडायला कोण बसणार?’ कोथिंबीर, मेथी, शेपू यांची एकेकच जुडी आठवड्याला. बाकी दुधी, लाल भोपळा, कोबी, गिलके, शेवग्याच्या शेंगा. चिरल्या की झाल्या, आणि बहुतेक वेळा स्वस्तच असतात. लाल भोपळ्याकडे लोक नाक मुरडतात ते मला कळत नाही. मेथीदाण्यांची फोडणी आणि गूळ घालून करा एकदा.

दूध: पूर्ण मलईच्या दुधात स्निग्धांश ६ टक्के, टोन्डमध्ये ३. प्रथिनांत फारसा फरक नाही. चहा आणि दह्याला टोन्ड पुरतं. तूप घरी कढवत असाल तर गोष्ट वेगळी.

अभ्यासिका_२०३

मी सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. खोलीवर गॅस नाही, फक्त इलेक्ट्रिक किटली. मेसला एकच वेळ परवडते. दुसऱ्या वेळी वडापावच होतो. काही सुचवा.

सोलापुरी_कडक

मित्रा, भाजके शेंगदाणे आणि फुटाणे किलोच्या पिशवीत सुटे आण. शेंगदाणा, गूळ आणि दोन केळी हे वडापावपेक्षा जास्त वेळ टिकतं. किटलीत अंडी उकडतात, पण किटली रूममेटची नसावी. घरून सातूचं पीठ मागव. गरम दूध किंवा पाणी, गूळ, झालं. मेतकूटही मागव, मेसच्या भाताला चव येते.

आहारवेल

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

चाकवतताई, सासूबाईंसाठी ज्वारी चांगलीच, पण भाकरी आहे म्हणून तीन-चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. ताटात एक भाकरी, वाटीभर घट्ट उसळ, भाजी जास्त. महागाची गरज कुठेच नाही. नाचणीही चांगली. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. फक्त नाचणीचं सत्त्व काढताना चोथा फेकतो त्यात तंतू जातो. मधुमेहाला सत्त्व नको, पिठाची भाकरी किंवा अंबील करा.

मुलीच्या लोहासाठी गोळ्या-पावडरीआधी दोन बिनपैशाच्या गोष्टी करा. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळायचं, कारण क जीवनसत्त्वाने धान्य-भाज्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा बंद, तो शोषण कमी करतो. कडधान्याला मोड आणले की त्यातली लोह अडवून ठेवणारी फायटेट्स कमी होतात, म्हणून मोडाची उसळ.

फळांत लोक सफरचंद आणि किवीवर पैसे घालवतात. १०० ग्रॅम पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. पेरू, पपई, केळी, आवळा, हंगामात बोरं. शाळेच्या दाराशी मिळतं तेच चांगलं फळ आहे.

भाकरी-डाळ एकत्र का, तर ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत ते भरपूर. डाळीत जे कमी पडतं ते धान्य देतं. खानदेशातली कळण्याची भाकरी बघा: ज्वारीत उडीद घालूनच दळायचं. हे तिकडच्या बायकांनी प्रयोगशाळेत न जाता शोधलंय.

लालपरी

आहारवेलताई, एक विचारायचं होतं. आम्हाला रेशनचा तांदूळ मिळतो. धुताना काही दाणे वर तरंगतात, वेगळेच दिसतात. शेजारीण म्हणते प्लास्टिकचा तांदूळ आहे. मी ते काढून टाकते. मुलांना द्यावा की नाही?

आहारवेल

अजिबात टाकू नका! ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकारात काढलेले असतात. साध्या १०० किलो तांदळात साधारण एक किलो मिसळतात. तुम्ही नेमकं पोषणच वेचून फेकताय. हा तांदूळ फार चोळून धुवायचा नाही, आणि जास्त पाण्यात शिजवून पेज ओतून द्यायची नाही. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकल सेल असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा.

लालपरी

बरं झालं विचारलं. शेजारणीलाही सांगते.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. तुमच्या धाग्यात मासळी कुणी घेतलीच नाही, म्हणून हजेरी. सुरमई-पापलेटच्या भावाने मासळी महाग वाटते. आमच्याकडे रोजच्या जेवणात तारले, बांगडे, मांदेली. तारल्यांत ओमेगा-३ भरपूर, आणि हंगामात मिळतातही स्वस्त. काटे आहेत म्हणून लोक टाळतात, ते आमच्या पथ्यावर पडतं.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांसाठी मे महिन्यातच पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरायचं, ही इथली जुनी रीत. सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), सोलं (आमसुलं), मिरच्या, चिंच, उकडे तांदूळ. मडगावला त्यासाठी पुरुमेंताचं फेस्तच भरतं. मूठभर सुकी सुंगटं, कांदा, खोबरं आणि दोन सोलं एवढ्यात किसमूर होते, आणि तेवढ्यावर पेजेचं ताट संपतं. चाकवतताईंचा पावसाळ्याचा प्रश्न आमच्या आज्यांनी मे महिन्यातच सोडवून ठेवलेला असायचा. (मधुमेह आणि रक्तदाब असेल तर सुक्या मासळीचं मीठ जपून. धुऊन, भिजवून घ्या.)

पातोडी

पावसाळ्यात भाजी कडाडली की भाजी करायचीच कशाला, असं आम्ही नागपूरकर विचारतो. पातोडीचा रस्सा, गोळ्यांची कढी, झुणका, मुगवड्यांची भाजी. उन्हाळ्यात मुगाच्या वड्या घालून ठेवल्या की जुलै-ऑगस्ट निघतो. बेसन मात्र चण्याच्या डाळीचं दळून आणा, विकतच्या हलक्या बेसनात वाटाणा मिसळलेला असू शकतो. आणि जवसाची चटणी विसरू नका. जवस भाजून, लसूण, तिखट, मीठ. स्वस्त आहे आणि त्यातही ओमेगा-३ असतं, काट्यांशिवाय!

मांडवीकाठ

काटे काढण्यातच तर मजा आहे, पातोडीभाऊ.

चाकवत

किती भरभरून लिहिलंत! तेलाचं मात्र अजून राहिलं. घाण्याचं शेंगदाणा तेल आमच्या इथे ३०० रुपये लिटर आहे, रिफाइंड १५५ ला मिळतं.

हिशेबनीस

तुम्ही महिन्याला किती वापरता, ते आधी सांगा.

चाकवत

पाच लिटरचा कॅन संपतो, कधी थोडं उरतं.

हिशेबनीस

मग उत्तर तिथेच आहे. पाच लिटर रिफाइंड म्हणजे ७७५ रुपये. अडीच लिटर घाण्याचं म्हणजे ७५०. महिन्याला माणशी अर्धा लिटर तेल पुरे, असं डॉक्टर सांगतच असतात. चौघांना दोन लिटर झालं, वर अर्धा लिटर सणाला. तळण कमी होईल, तेवढाच बदल. मी तर म्हणतो की बजेट सांभाळण्याचा सगळ्यात चांगला उपाय हाच: महागाची वस्तू स्वस्तातली शोधायची नाही, तीच निम्मी वापरायची. गुळाला, तुपाला, काजूला, सगळ्यालाच लागू.

आहारवेल

यात थोडी भर. एकाच तेलावर राहू नका. शेंगदाणा आणि करडई आलटून पालटून वापरा. आणि घाण्याचं तेल म्हणून सुटं, बिनलेबलचं घेऊ नका. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीला परवानगी नाही, आणि भेसळीचा धोकाही तिथेच जास्त.

गिरणीवाला

तेल सुटं नको, पण धान्य सुटं जरूर घ्या. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागतो. सुट्या मालावर नाही. शिवाय सुटा माल हातात घेऊन बघता येतो, पाकिटाला चावून बघता येत नाही.

मार्केट यार्डातून धान्याचा कट्टा (पोतं) आणायचा तर तीन-चार घरांनी मिळून आणा. साठवताना गहू, ज्वारी कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार करून मगच भरायचे. गरम भरले की डब्यात घाम येतो आणि पोरकिडे होतात. गव्हाला आणि तुरीला एरंडेलाचा हात लावा. कडुनिंबाचा पाला टाकायचा तर सावलीत वाळवलेला, ओला नको. पाऱ्याच्या गोळ्या घरात लहान मुलं असताना नकोतच. बोरिक पावडर तर खाण्याच्या धान्याला लावूच नये, आमच्याकडे अजूनही काही जण लावून आणतात.

दोन_घास

आमच्या सोसायटीत पाच जणींनी मिळून इंद्रायणीचे कट्टे मावळातल्या एका शेतकऱ्याकडून घेतले. दुकानापेक्षा किलोमागे दहा-बारा रुपयांनी स्वस्त पडला. नवा तांदूळ चिकट होतो, पाणी कमी घाला.

मुक्काम_डोंबिवली

माझ्या प्रतिसादावर कुणी चिडलं नाही, हे या साइटवर पहिल्यांदाच होतंय. दोन_घास यांची कुकरची युक्ती या शनिवारी करणार, आणि मटकी निवडायला नवऱ्याला बसवणार.

@सोलापुरी_कडक, ते करडई तेल इकडे चांगलं कुठे मिळेल? दुकानात विचारलं तर सूर्यफूलच पुढे करतात.

सोलापुरी_कडक

दिवाळीला अंबरनाथला भावाकडे येतोय. आमच्या ओळखीच्या घाण्यावरून सीलबंद डबा आणतो. किती लिटर ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मुक्काम_डोंबिवली

दोन. आणि जमलं तर पाच किलो मालदांडी. भाकरी थापायला शिकवणारा व्हिडिओ फुकट जोडून द्या, इथे शिकणारा माझा नवरा आहे.

सोलापुरी_कडक

व्हिडिओ पाठवतो. पण त्यांना सांगा, पहिल्या आठ-दहा भारताच्या नकाशासारख्या होतात. पाणी कढत घ्यायचं आणि पीठ ताजं. बाकी हाताला आपोआप कळतं.